माळा चायनाच्या, आणि सोनं कुठलं?

काकू, नमस्कार.

सांगली जिल्ह्यात तालुक्याच्या गावी आमचं इलेक्ट्रिक सामानाचं दुकान आहे. सकाळ-संध्याकाळ मिस्टर बघतात, दुपारी मी बसते. दसऱ्याआधी मुंबईच्या लोहार चाळीतून दिवाळीच्या माळा आणल्या, चाळीस हजारांच्या. सासरे निवृत्त शिक्षक. त्यांनी खोकी उघडली आणि 'माझ्या फंडाच्या पैशातून उभं राहिलेल्या दुकानात चीनचा माल विकायचा नाही' म्हणून सगळी खोकी माळ्यावर टाकली. गिऱ्हाईक येतं. त्याला एकशे ऐंशीची आपली माळ दाखवली की विचारतं, 'चायनाची ऐंशीवाली नाही का?' आणि पुढच्या दुकानात जातं. मिस्टर धुसफुसतात, मामंजी जेवताना बोलत नाहीत, मी मध्ये. मामंजी म्हणतात, तुमच्यासारख्या दुकानदारांमुळे व्यापार तूट वाढते, रुपया पडतो. बाबू गेनू ट्रकखाली गेला तो यासाठी का? ८९० ने सुरू होणारा बारकोड असेल तोच माल घ्या, असंही त्यांच्या ग्रुपवर आलंय. खरं सांगायचं तर मला त्यांचं थोडं पटतं, म्हणूनच उत्तर सुचत नाही. त्यात फेब्रुवारीत नणंदेचं लग्न आहे, तिच्या बारा तोळ्यांची खरेदीही आत्ताच करायची, म्हणून पैसा मोकळा हवा. आमच्या चाळीस हजारांनी खरंच देशाचं नुकसान होतं का? मामंजींना काय सांगू?
– दोघांच्या मधली सून

सूनबाई,

तुम्ही माळांवर अख्खं पत्र लिहिलंत आणि सोन्याला एक ओळ दिलीत. मी नेमकी त्या ओळीपाशी अडले. पण तिकडे नंतर येते. आधी मामंजींचं म्हणणं, कारण ते उडवून लावण्यासारखं नाही.

माझी नोकरी बँकेत झाली, त्यातली बरीच वर्षं परकीय चलन विभागात. १९९१ च्या उन्हाळ्यात आमच्या टेबलावर रिझर्व्ह बँकेचा आदेश होता: ठरावीक आयातीसाठी एलसी उघडायची असेल तर व्यापाऱ्याकडून मालाच्या किमतीच्या दुप्पट रक्कम रोख ठेवून घ्या. एलसी म्हणजे परदेशातल्या विकणाऱ्याला बँकेने दिलेली हमी, की कागदपत्रं नीट आली की तुझे पैसे आम्ही देऊ. आमच्याकडे बेअरिंग आणणारे एक शेठ होते. दहा लाखांच्या मालासाठी वीस लाख अडकवायचे कुठून? रोज अकराला येऊन खुर्चीत बसायचे, अर्धा चहा घ्यायचे, 'मॅडम, काही सैल होतंय का?' विचारायचे आणि पिशवी उचलून जायचे. देशाकडे तेव्हा जेमतेम दोन-तीन आठवड्यांच्या आयातीपुरते डॉलर उरले होते. मे महिन्यात वीस टन सोनं परदेशात विकायला काढलं, जुलैत आणखी सत्तेचाळीस टन लंडनला तारण म्हणून गेलं. घरातले दागिने गहाण टाकताना माणसं जशी मागच्या दाराने जातात तसंच ते झालं, गाजावाजा न करता.

म्हणून व्यापार तूट हा शब्द ऐकून मी हसत नाही. मामंजींना आधी एवढं सांगा, की काकूंना तुमची काळजी कळते. बरं वाटेल त्यांना.

आता वही उघडू. २०२४-२५ या वर्षात आपण साधारण ४३७ अब्ज डॉलरचा माल बाहेर विकला आणि ७२० अब्जांचा आणला. खड्डा २८३ अब्जांचा. ग्रुपवरचा मेसेज इथे संपतो. देशाची वही इथे संपत नाही.

माझं सासर रत्नागिरीकडचं. सासूबाई सांगायच्या, त्यांच्या गावात भात आणि नाचणी सोडली तर तूर, गूळ, कापड, रॉकेल, सगळं बाहेरून यायचं. गावातून जायचे थोडे आंबे, थोडी सुपारी आणि तरणी माणसं. नुसत्या मालाचा हिशेब मांडला तर ते गाव कायमचं बुडीत. तरी चुली पेटत होत्या, कारण मुंबईच्या गिरणीतून मनीऑर्डर यायची. पोस्टमन ओटीवर बसून नोटा मोजायचा, म्हातारी अंगठा उठवायची, आणि वाण्याची उधारी त्याच दुपारी फिटायची.

आपला देश थोडाबहुत त्या गावासारखा चालतो. मालात २८३ अब्जांची तूट, पण पुण्या-बंगळुरूच्या कंप्युटरवाल्यांसारखे लोक जे काम बाहेर विकतात त्या सेवांच्या व्यवहारात १८८ अब्जांच्या आसपास शिल्लक. शिवाय आखातात, अमेरिकेत, कुठे कुठे राहणाऱ्या आपल्या माणसांनी वर्षभरात घरी धाडलेले साधारण १३५ अब्ज. ही झाली देशाची मनीऑर्डर. बाहेर जाणारं व्याज, नफा वगैरे वजा करून शेवटी चालू खात्यावर, म्हणजे माल, सेवा, मनीऑर्डर सगळं धरलेल्या देशाच्या वहीत, उरली ती तूट २३ अब्जांची, म्हणजे देशाच्या एकूण उत्पन्नाच्या ०.६ टक्के. २०१२-१३ मध्ये हीच तूट ४.८ टक्क्यांवर गेली होती आणि पुढच्या उन्हाळ्यात रुपया धडाधड कोसळला. तेव्हा काळजी करायला जागा होती. आज परकीय चलनाची गंगाजळी सातशे अब्ज डॉलरच्या आसपास आहे. बेअरिंगवाल्या शेठना आता कोणी खुर्चीत ताटकळत ठेवणार नाही.

तूट म्हणजे पाप, असंही नाही हो. एका घराने विहीर खणायला कर्ज काढलं आणि दुसऱ्याने बारशाला मांडव घालायला, तर दोन्ही वह्यांत आकडा तोच दिसेल. बचतीपेक्षा मोठं काम काढलं की बाहेरून पैसा येतोच, घरात आणि देशातही. इचलकरंजीच्या एखाद्या शेडमध्ये नवे बिनधोट्याचे माग दिसले तर विचारा कुठले. बरेचदा परदेशातले असतात. ती आयातच, पण त्या मागावर उद्या कापड निघतं.

मग ७२० अब्जांत असतं काय? कच्चं तेल आणि त्याचे पदार्थ, साधारण १८५ अब्ज. सोनं, ५८ अब्ज. खायचं तेल, पंधरा अब्जांच्या वर. चीनकडून एकूण ११३ अब्जांचा माल येतो, आपण त्यांना विकतो जेमतेम १४ अब्जांचा, म्हणजे मामंजींचा राग आकड्याने चुकीचा नाही. पण त्या ११३ मध्ये मोठा वाटा मोबाईलचे नि कंप्युटरचे भाग, यंत्रं, सोलरचं सामान, रसायनं यांचा. औषधांसाठी जो कच्चा माल आपण आणतो त्यातला सत्तर टक्क्यांच्या आसपास चीनचा. मामंजी सकाळी रक्तदाबाची गोळी घेत असतील तर हे त्यांना जेवताना सांगू नका. एकदा निवांत वेळी सांगा. दिवाळीच्या माळा, पिचकाऱ्या, खेळणी डोळ्यांसमोर असतात, चकाकतात, म्हणून राग त्यांच्यावर निघतो. पेट्रोल पंपावर उभं राहून कोणी 'परदेशी तेलावर बहिष्कार' म्हणत नाही, आणि पंच्याऐंशी टक्क्यांहून जास्त तेल आपण बाहेरूनच आणतो.

त्या ८९० च्या मेसेजचंही एकदा मिटवून टाकू. बारकोडचे पहिले आकडे एवढंच सांगतात की कंपनीने तो नंबर कोणत्या देशातल्या संस्थेकडून घेतला. ८९० म्हणजे नंबर भारतात घेतलेला. माल कुठे बनला त्याच्याशी त्याचा संबंध नाही. चीनमधून पाकीटबंद माल आणून त्यावर ८९० चा बारकोड लावणारा आयातदार काही बेकायदेशीर करत नसतो. आणि तुमची ती एकशे ऐंशीची आपली माळ? वायर इथली, जोडणी इथली, खोकं इथलं. दिव्याचा बारीक दाणा आणि लुकलुकवणारी चिप बहुतेक वेळा बाहेरची. तरीही ती आपलीच माळ म्हणायची, कारण जोडणाऱ्या बायांची मजुरी इथल्या घरात जाते. फक्त शंभर टक्के म्हणू नका. उलटही होतं. बाटा आपल्याकडे इतका मुरलाय की शाळेचे बूट म्हणजे बाटा, पण ते मूळ घराणं झेक देशातलं. बूट इथे बनतात, कामगार इथले, नफ्याचा काही भाग बाहेर जातो. स्वदेशी की विदेशी? मी तरी हा वाद घालत नाही, वेळ जातो.

आता बारा तोळे.

आपल्या देशात खाणीतून सोनं निघतं ते वर्षाला टन-दोन टन. आपण आणतो सातशे-आठशे टन. म्हणजे तुमच्या नणंदेच्या गळ्यात पडणारं सोनं, अगदी आपल्या पेठेतल्या सोनाराकडून घेतलं, आपल्या कारागिराने घडवलं, नथीपासून पोहेहारापर्यंत मराठमोळं केलं, तरी धातू परदेशचाच आणि तो डॉलर मोजून आणलेला. आजच्या भावाने तोळा लाखाच्या वर. बारा तोळे म्हणजे बारा लाखांच्या पुढे. यातून आयात शुल्क, जीएसटी आणि सोनाराची मजुरी वजा केली की उरलेलं जवळजवळ सगळं देशाबाहेर. तुमच्या माळा चाळीस हजारांच्या. त्यातही बंदरावरची ड्यूटी, जीएसटी, आयातदाराचा नफा, लोहार चाळीतल्या ठोक व्यापाऱ्याचा नफा, ट्रकभाडं इथेच राहिलं. चीनला गेले ते त्याहून बरेच कमी.

म्हणजे मामंजींनी माळ्यावर टाकलेल्या तूटीच्या निदान तीस पट तूट मामंजी स्वतः सराफाकडून आणणार आहेत. हे मी टोमणा म्हणून लिहीत नाही. तुम्हीही टोमणा म्हणून वापरू नका, घरातलं लग्न आहे. पण २०१२-१३ ची ती वाईट तूट आठवते ना, तिच्यात सोन्याचा हात मोठा होता. म्हणूनच २०१३ मध्ये सरकारने सोन्यावरचं आयात शुल्क वाढवत वाढवत दहा टक्क्यांवर नेलं. पुढे ते पंधरापर्यंत गेलं आणि २०२४ च्या जुलैत सहावर आणलं, कारण शुल्क फार चढलं की माल चोरवाटेने येतो.

ग्राहकाला देशाचं पारडं खरंच हलवता येईल अशा ज्या दोन-तीन जागा आहेत त्यात ही पहिली. दक्षिण कोरियावर १९९७ मध्ये आपल्या ९१ सारखी वेळ आली. तिथल्या लोकांनी काय केलं? १९९८ च्या सुरुवातीला रांगा लावून अंगठ्या, साखळ्या, बाळांची सोन्याची वळी देशासाठी जमा केली. सव्वादोनशे टनांच्या आसपास सोनं जमलं. देशावरच्या कर्जापुढे ती रक्कम लहानच होती, पण वार नेमक्या जागी होता. आता उलटा नमुना बघा. १९६८ मध्ये इंग्लंडात अशीच लाट आली, 'मी ब्रिटनच्या पाठीशी' म्हणत. सुरुवात छान होती, एका कंपनीतल्या पाच टायपिस्ट मुली रोज अर्धा तास फुकट जादा काम करायला लागल्या. मग झेंड्याचे बिल्ले आले, पिशव्या आल्या, टी-शर्ट आले. त्यातले काही टी-शर्ट पोर्तुगालमध्ये बनलेले निघाले, कारण तिकडचे स्वस्त पडत होते! आपल्याकडचे झेंडे तपासायला मला भीतीच वाटते.

मी बारा तोळे करू नका म्हणणार नाही. माझ्या मुलीच्या लग्नात मी स्वतः केले होते, आणि तेव्हा मी परकीय चलन विभागातच बसत होते. पण घरात मोडण्याजोगं जुनं काय आहे ते पाहा. तुटलेली साखळी, एका कानाची कुडी, न वापरलेल्या बिल्वर. तुमच्याच जिल्ह्यातले विटा-खानापूर-आटपाडीकडचे गलाईवाले देशभर कुठल्या कुठल्या सराफकट्ट्यांवर जुनं सोनं आटवून शुद्ध करत बसलेत, त्यांना विचारलं तर कोणीही सांगेल की आटवून शुद्ध केलं की जुनं सोनं नव्यासारखंच. जुन्यातून सहा तोळे निघाले तर सहा तोळ्यांचे डॉलर वाचले, आणि तुमचा मोकळा पैसाही. मोड देताना सोनाराला कॅरेटमीटरवर समोर तपासायला लावा, घट किती कापतोय ते चिठ्ठीवर लिहून घ्या, आणि नव्या दागिन्यावर सहा अक्षर-अंकांचा एचयूआयडी, म्हणजे हॉलमार्कचा नंबर, आहे ना बघा. एक मात्र बजावते. मोडायला तुमच्या माहेरचे दागिने पुढे करू नका, कोणी सुचवलं तरी. ते स्त्रीधन आहे, देशाचा हिशेब त्याच्यावर फेडायचा नाही.

दुसरी जागा स्वयंपाकघरात. माझा भाऊ लातूरजवळ सोयाबीन घेतो. २०२४ च्या हंगामात सोयाबीनचा हमीभाव क्विंटलला ४,८९२ रुपये होता, आणि बाजार समितीत त्याला त्याहून कितीतरी कमी भाव मिळाला. त्याच सप्टेंबरात सरकारने कच्च्या खाद्यतेलावरचं मूळ आयात शुल्क वीस टक्के केलं होतं, शेतकऱ्याला आधार म्हणून. पुढच्या मे अखेरीस ते पुन्हा दहावर आणलं, तेल महागलं म्हणून. भावाचा फोन आला तेव्हा मी पुण्यात नुकताच तेलाचा डबा भरला होता आणि मनात खूश होते की आता तरी उतरेल भाव. तो म्हणाला, 'तुमचा डबा उतरला की आमचं पोतं उतरतं, ताई.' मी काही बोलले नाही. काय बोलणार?

वर्षाला एकशे साठ लाख टनांच्या आसपास खाद्यतेल आपण बाहेरून आणतो, लागतं त्याच्या निम्म्याहून जास्त. पामतेल इंडोनेशिया-मलेशियाचं, सूर्यफुलाचं युक्रेन-रशियाचं, सोयातेल अर्जेंटिना-ब्राझीलचं. दिवाळीच्या फराळाचं पाकीट उलटं करून वाचा, चिवड्यात बहुतेक पामोलिन. आता शेंगदाणा किंवा करडईचं तेल घेतलंत तर ते खरोखर इथल्या रानातलं. करडई तर आपल्या सोलापूर-मराठवाड्याकडची कोरडवाहू, रब्बीतली. महाग पडतं, मान्य आहे. सगळा स्वयंपाक त्यात परवडत नाही, मलाही नाही. निदान फोडणीपुरतं. आणि चार भज्यांचे घाणे कमी. तिसरी जागा पेट्रोलची, त्यावर मी व्याख्यान देत नाही, तुम्ही तालुक्याच्या गावी राहता, एसटी आहे, सायकल आहे, बाकी तुमचं तुम्ही.

आता बाबू गेनू. मामंजींनी नाव घेतलं म्हणून लिहिते, कारण ते नाव हलकं नाही. १२ डिसेंबर १९३०, मुंबईतला काळबादेवीचा रस्ता, परदेशी कापडाचा ट्रक, आणि आंबेगाव तालुक्यातल्या महाळुंगे पडवळचा एक तरुण गिरणी कामगार. तेव्हा सरकार परक्याचं होतं. आयातीवर किती जकात बसवायची ते लंडनच्या सोयीने ठरायचं. आपल्या माणसाच्या हातात दुसरं हत्यारच नव्हतं, म्हणून तो अंगावर ट्रक घ्यायला उभा राहिला. आणखी एक गोष्ट विसरली जाते. त्या वेळी मुंबईतच कापडाच्या गिरण्या होत्या, खेड्यात माग होते, चरखा होता. परदेशी कापड नको म्हटल्यावर उघडं राहावं लागत नव्हतं. बहिष्काराला पर्याय लागतो.

पुण्यात ७ ऑक्टोबर १९०५ ला परदेशी कापडाची होळी झाली, सावरकरांनी पुढाकार घेतला, टिळक हजर होते, हे मामंजींनी वर्गात कितीदा शिकवलं असेल. त्याच काळात अंताजी दामोदर काळे घरोघर वर्षाला एक पैसा मागत फिरत होते, त्यातून पैसा फंड उभा राहिला आणि १९०८ मध्ये तळेगावला काचेचा कारखाना निघाला, हे शिकवलं होतं का? तुमच्या जिल्ह्यातली किर्लोस्करवाडी १९१० ची. औंध संस्थानच्या निवडुंगाच्या माळावर वसलेली, लोखंडी नांगरासाठी. कऱ्हाडजवळ ओगल्यांनी काच कारखाना काढला, त्यांचा प्रभाकर कंदील मामंजींच्या लहानपणी त्यांच्याही घरात लागत असणार. विचारून बघा, त्याच्या काचेला राखेने पुसायचं काम त्यांच्याकडे होतं का. होळी एका संध्याकाळची होती. कंदील पन्नास वर्षं जळला.

मला जे म्हणायचंय ते एवढंच. दुकानातल्या तुमच्या निवडीने देशाची तूट हलत नाही, पण कोणाच्या हाताला काम लागतं ते नक्की हलतं. स्वदेशी घ्यायचं तर त्या हातासाठी घ्या. सोलापूरची चादर घेतली की मागवाल्याला पैसे मिळतात, पेणचा गणपती घेतला की मूर्तिकाराला. रुपयाचं पडणं-चढणं तुमच्या गल्ल्यावर लादून घेऊ नका.

आणि हा खेळ एकतर्फी नसतो. २०२५ च्या ऑगस्टमध्ये अमेरिकेने आपल्या मालावर पन्नास टक्क्यांपर्यंत शुल्क लावलं तेव्हा आपण केवढे संतापलो! त्यांचंही म्हणणं तुमच्या मामंजींचंच होतं: आमची तूट वाढते, आमच्याकडचं घ्या. परदेशातल्या प्रत्येक सासऱ्याने अशी खोकी माळ्यावर टाकायची ठरवली तर कोल्हापूरच्या फौंड्रीतलं कास्टिंग आणि नाशिकची द्राक्षं कोण घेणार?

आता दुकान. माळ्यावरची ती खोकी उतरवा आणि विका. त्यांचे पैसे आयातदाराने कधीच चीनला पोचवले. ती वर धूळ खात पडली तर चीनचं काही जात नाही, तुमचे चाळीस हजार जातात. मात्र उतरवल्यावर एकेक पाकीट बघा. आयात केलेल्या पाकिटावर आयातदाराचं नाव-पत्ता, कोणत्या देशात बनलं, महिना-वर्ष आणि एमआरपी छापलेली हवी. नसेल तर ती बाजूला काढा आणि व्यापाऱ्याला परत पाठवा. वजनमापेवाले आले तर दंड तुम्हालाही होऊ शकतो. बिनानावाच्या मालाची खरी अडचण तो चिनी आहे ही नव्हे, तर ही: लहान मुलाने हात लावला आणि झटका बसला तर जाब विचारायला पत्ताच नाही. किंमत कमी दाखवून ड्यूटी चुकवलेला मालही बहुधा असाच फिरतो. पुढच्या वर्षी पक्क्या जीएसटी बिलाशिवाय माळ घ्यायची नाही, हा एक नियम मिस्टरांना पाळायला लावा. मामंजींच्या निम्म्या तक्रारी तिथेच संपतील.

ऐंशी आणि एकशे ऐंशी, दोन्ही माळा शेजारी शेजारी पेटवून लावा. दहा दिवसांत दोन्हींत फरक दिसला तर गिऱ्हाईक आपोआप वळेल, नाही दिसला तर त्याला ऐंशीची द्या, त्याच्याही घरी खर्च आहेत. फरक पाडायचाच तर दुरुस्तीने पाडा. 'आमच्याकडची माळ तुळशीच्या लग्नापर्यंत बंद पडली तर दुरुस्त करून मिळेल' एवढी पाटी लावा आणि मिस्टरांच्या हातात सोल्डरिंग गन द्या. तो पैसा गावातच राहतो, आणि ऐंशीवाला शेजारचा दुकानदार हे करणार नाही.

मामंजींशी मात्र वाद घालू नका. आकडे तर मुळीच तोंडावर मारू नका. हे पत्र टेबलावर राहू द्या, ते वाचतील, मास्तर आहेत. त्यांना फक्त एक काम मागा: दुपारी तुमच्याबरोबर दुकानात बसून पाकिटं तपासायचं. कुठे बनलं, कोणी आणलं, पत्ता खरा वाटतो का, आणि एका वहीत नोंद. घरातल्या फराळाच्या पाकिटांपासून सुरुवात केली तरी चालेल. भिंग घेऊन बसा म्हणावं, ती अक्षरं फार बारीक छापतात.
– काकू